रिकाम्या चौकटीतलं घर

१

चौकट भिंतीवर होती. काच होती, खिळा होता, खिळ्याला अडकवलेली सुतळीही होती. नव्हतं ते फक्त चित्र.

"घ्या! आता काय बोलायचं?" फिच मास्तरांनी टोपी काढली आणि ती हातात पिळायला लागले. "पेलबाई, तुम्हाला लंडनहून एवढं लांब बोलावलं ते चित्रावरचे डाग काढायला. अन् इथे चित्रच पसार!"

डॉर्कस पेल अजून उंबऱ्यातच उभी होती. एका हातात रंगांची पेटी, दुसऱ्या हातात छत्री. सकाळपासून आधी आगगाडी, मग दोन मैल पायपीट, मग घोड्याची बस असं करत ती मार्लथॉर्पला पोचली होती, आणि कुणी तिला आत या म्हणालं नव्हतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. बावन्न वर्षांत तिला आत या म्हणणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली होती.

तिचं काम छापचित्रं रंगवायचं. थोर लेखकांची, कवींची घरं दाखवणारी लहान लहान चित्रं एके काळी चिक्कार खपायची. बाराव्या वर्षापासून डॉर्कस ती रंगवत आली होती. आता यंत्रच रंगीत चित्रं छापायला लागलं, तेव्हा उरलंसुरलं काम म्हणजे जुन्या चित्रांवरचे डाग काढणं आणि फाटलं ते सांधणं. हजारो कवींची घरं तिच्या हाताखालून गेली, पण एकाच्याही घरात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. हे पहिलंच.

"आत ये ना गं बाई, वारा येतोय," घरातली म्हातारी म्हणाली.

ही तबिथा क्रेक. अडुसष्ट वर्षांची, काटकुळी, पाठ ताठ. कवी इनॉक हेदरली शंभर वर्षांपूर्वी याच घरात राहिला आणि याच घरात एकटा मेला, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून सांगायची. जिवंतपणी हेदरलीला कुत्रं विचारत नव्हतं. आता मात्र त्याचं घर विकत घेऊन जपायला एक समिती उभी राहिली होती, आणि फिच मास्तर तिचे चिटणीस होते. घर घेतलं की तबिथाला मरेपर्यंत तिथेच राखणीला ठेवायचं असं ठरलं होतं.

पण चर्चच्या पलीकडे हुबेहूब असंच दुसरं घर होतं. एकाच गवंड्यानं बांधलेली जुळी घरं ती. पलीकडच्याचा मालक सायलस थ्रप म्हणायचा, कवी माझ्याच घरात राहिला. दोघांकडेही कागद नव्हता. होतं ते एक जुनं छापचित्र, तबिथाच्या भिंतीवरचं. चित्रकारानं ते काढलं तेव्हा कवीची मोलकरीण जिवंत होती, आणि तिनंच त्याला घर दाखवलं होतं. शनिवारी समिती बसणार, चित्र बघणार आणि ठरवणार. आज गुरुवार होता.

"आणि कवीचं घर हे ठरलं नाही तर?" डॉर्कसनं विचारलं.

मास्तरांनी तबिथाकडे बघायचं टाळलं. "मालक हे पाडून कोळशाची वखार करणार आहे. मग बाईंना... म्हणजे सरकारी गरीबखानाच, निराधारांना ठेवतात तो."

तबिथा चुलीवरचं आधण बघत राहिली. "चहा घेशील ना?" एवढंच तिनं विचारलं.

२

डॉर्कसनं चौकट खाली उतरवली. मास्तर बडबडत होते आणि ती हातानं चाचपत होती.

पाठीमागचा तपकिरी कागद कडेनं सरळ कापलेला होता. खिळे उपटून फेकलेले नव्हते. खिडकीत एका बशीत ते नीट गोळा करून ठेवले होते. चौकट परत भिंतीवर लावली होती, तीही सरळ. आणि काच! काच एवढी लख्ख की डॉर्कसला तीत स्वतःचा थकलेला चेहरा दिसला.

"थ्रपचंच काम हे," मास्तर कुजबुजले. "दुसऱ्या कुणाचं पोट दुखणार? मी त्याच्याच माडीवर भाड्यानं राहतो म्हणून मोठ्यानं बोलत नाही."

"तुम्ही इथे कधी आला होतात?"

"मी? मंगळवारी. बाई विहिरीवर गेल्या होत्या. अर्धा तास बसलो, चित्र जागेवरच होतं. काळोखात पिवळट काहीतरी दिसलं, तेवढंच. माझी नजर अधू." बोलता बोलता मास्तरांनी डबी काढून चिमूटभर तपकीर ओढली, आणि तिची भुकटी त्यांच्या कोटावर, टेबलावर, डॉर्कसच्या बाहीवर पडली. "अहो, माझ्यावर संशय घेता की काय?"

"नाही मास्तर. तुम्ही हात लावला असतात तर काचेवर तुमची पाचही बोटं उमटली असती."

मास्तरांना हसावं की रागवावं ते कळेना. शेवटी ते शिंकले आणि शाळेकडे निघून गेले.

तबिथानं चहा दिला, जाड पावाचा तुकडा दिला. दोघी समोरासमोर बसल्या. चौकटीच्या जागी भिंतीवर पुस्तकाच्या पानाएवढा फिकट चौकोन उरला होता.

"माझा नवरा होता त्या चित्रात," तबिथा एकदम म्हणाली. "एमॉस. चित्रकारसाहेब आले तेव्हा आमचं लग्न नवं होतं. एमॉस दारापुढचं गवत कापत होता. साहेब म्हणाले, तसाच राहा, तुलाही घेतो. त्याच हिवाळ्यात तो तापानं गेला. चित्र छापून इकडे आलं ते पुढे तीन वर्षांनी. फेरीवाल्याकडून घेतलं मी."

"मग तुम्हाला रोज दिसायचा तर."

"दिसायचा." म्हातारीनं कप खाली ठेवला. "खरं सांगू? मला तो तसा आठवायचाच नाही. एवढासा, नखाएवढा माणूस. पण काहीतरी चुकायचं बघ. वाटायचं, अरे देवा, आपण आपल्या माणसाला विसरायला लागलो. पंचविशीत विधवा झाले, चाळीस वर्षं त्याच्याकडे बघतेय, अन् दर वर्षी तो जरा जास्तच परका."

 डॉर्कसकडे तर विसरायलाही कुणी नव्हतं.

३

सायलस थ्रप दारूसाठी जव भिजवायच्या कोठारात भेटला. गडी आडवा, आवाज त्याहून आडवा.

"चोर मी? वा! बावीस वर्षं त्या बाईच्या उंबऱ्याला मी पाय लावलेला नाही. तिची कोंबडी माझ्या वाफ्यात आली होती, तेव्हापासून बोलणं बंद."

"चित्र गायब झालं तर फायदा तुमचाच ना?"

"असेल! तिच्या घरात टांगलंय म्हणजे तिच्याच घराचं असणार, एवढं मलाही कळतं. पण मी काय ते असलं भलंमोठं चित्र काखोटीला मारून भर रस्त्यानं गेलो का?" थ्रपनं दोन्ही हात दाराएवढे फाकवले. "कुणी बघितलं नसतं?"

डॉर्कस हसू दाबून बाहेर पडली. चित्र पुस्तकाच्या पानाएवढं होतं. या माणसानं ते जन्मात बघितलेलं नव्हतं.

चर्चच्या आवारात घंटेवाला जेबेझ कॉब थडग्यांमधलं गवत कापत होता. त्याचा लांब दांड्याचा विळा सर्र सर्र फिरत होता. डॉर्कस आडवाटेनं जवळ गेली तसा तो ओरडला, "ओ बाई! त्या अंगानं नका येऊ, पाय जाईल!"

"कुठल्या अंगानं येऊ मग?"

"मागून. विळा उजवीकडून डावीकडे फिरतो, पातं डाव्या अंगाला. सगळ्यांचा तसाच." त्यानं कपाळाचा घाम पुसला, डाव्या हातानं. "मी स्वतः डावखुरा बरं का. जेवतो डाव्यानं, बायकोनं पाठ फिरवली की तिला वेडावतोही डाव्यानं! पण विळा उजवाच. दहाजण रांगेत कापत असताना एकानं उलटा फिरवला तर शेजाऱ्याच्या नडग्या गेल्या. उलटा विळा या मुलुखात कुठला लोहार करतच नाही."

"एमॉस क्रेक आठवतो?"

"आठवतो म्हणजे? त्यानंच शिकवलं मला. असा कापणारा पुन्हा झाला नाही. जवान गेला बिचारा. तबिथा समुद्राकाठची, मासेमारांची लेक. तिला गवतातलं काही कळायचं नाही, पण तो कापायला लागला की दारात उभी राहून बघायची."

डॉर्कस रस्त्यावर आली आणि थांबली. समोर चर्च. चर्चच्या डावीकडे तबिथाचं घर, उजवीकडे थ्रपचं. तबिथाच्या घराचं चित्र काढलं तर चर्चचा मनोरा घराच्या उजव्या हाताला यायला हवा. थ्रपच्या घराचं काढलं तर डाव्या.

हे चित्र तिनं रंगवलं होतं. छापखान्याच्या मालकाच्या लांब टेबलाशी सहा मुली ओळीनं बसायच्या आणि प्रत्येकीला एकच रंग. आधीचीनं गवत हिरवं केलं की चित्र पुढे सरकायचं. डॉर्कसच्या वाट्याला लाल. शाली, धुराडी, माणसांची जाकिटं. हेदरलीच्या घराचं धुराडं आणि गवत कापणाऱ्याचं जाकीट तिनं निदान चारशे वेळा तरी लाल केलं असेल. तिनं डोळे मिटले. कुंचला आधी धुराड्यावर, मग खाली जाकिटावर. बाही मनोऱ्याला लागायची, रंग फिसकटायचा आणि टाळक्यात टपली बसायची. कुठली बाही?

ती लिहायची, रंगवायची उजव्या हातानं, पण तो कोपरा सांभाळायला डावा हात कागदावर दाबून धरायची. डावी बाही. मनोरा डावीकडे होता.

म्हणजे ते चित्र थ्रपच्या घराचं होतं. आणि चाळीस वर्षं रोज सकाळी त्याची काच पुसणाऱ्या एकाच माणसाला हे ठाऊक होतं.

४

"तुम्हीच काढलंत ना ते, तबिथाबाई?"

म्हातारी बटाटे सोलत होती. तिनं सुरी खाली ठेवली आणि नाकारण्यात वेळ घालवला नाही.

"कशावरून ओळखलंस?"

"चोर कधी काच पुसतो का? खिळे बशीत ठेवतो का?"

"सवय गं मेली," तबिथा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "रिकामी झाली तरी पुसल्याशिवाय राहवेना."

"जाळून का नाही टाकलंत?"

"कसं जाळू? तो आहे ना त्यात." ती उठली, कोपऱ्यातली लाकडी पेटी उघडली. वर चादरी होत्या, त्याखाली एक गुंडाळी. कुणा पुरुषाचं जाकीट, विटलेलं, बटणं मात्र सगळी जागच्या जागी. तिनं ते उलगडलं आणि आतलं चित्र टेबलावर ठेवलं. ते बिनरंगी, काळ्या शाईतलं, धुरानं पिवळं पडलेलं होतं.

"साहेब या दारापुढे बसले होते. या! मी त्यांना दूध दिलं. मोलकरीण म्हातारी त्या दगडावर बसली होती. मला पक्कं ठाऊक आहे ते घर कुठलं. पण चित्रात चर्च बघ कुठंय. मला वाटायचं, चित्रं काढणारी माणसं, त्यांना सुंदर दिसेल तिथे चर्च ठेवत असतील. कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही. आता समिती म्हणते चित्र खरं. माझ्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार? माझंच घर जायचंय ना, मी तर असंच म्हणणार. लोक कागद मानतात." तिनं पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला. "सांगून टाक मास्तरांना. तुझ्या पोटावर पाय नको माझ्यामुळे."

डॉर्कसनं चित्र स्वतःकडे ओढलं. न सांगावं तर खोटं पचवायचं, आणि सांगावं तर या बाईला गरीबखान्याच्या लांबलचक खोलीत, चाळीस अनोळखी खोकल्यांमध्ये झोपायला पाठवायचं. तिनं भिंग काढलं, ते निव्वळ हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून.

घर, धुराडं, मनोरा. दारापुढे नखाएवढा माणूस, पाय फाकवून, कमरेत वळलेला. हातात लांब दांड्याचा विळा.

विळ्याचं पातं त्याच्या उजव्या अंगाला होतं.

"तबिथाबाई," डॉर्कसनं विचारलं, "एमॉस डावखुरा होता का?"

"छे."

"आरसा आहे घरात?"

५

आरसा होता, न्हाणीतला, एका कोपऱ्यात तडकलेला. डॉर्कसनं तो टेबलावर उभा धरला आणि त्याच्यासमोर चित्र.

"हे आमच्याच दुकानाचं छापचित्र, आणि आमचा मालक चोरटा होता," ती भरभर बोलायला लागली, जन्मात एवढं एका दमात बोलली नसेल. "मूळ चित्र दुसऱ्या चांगल्या दुकानाचं, महाग. हा त्याची नक्कल करायचा. तांब्याच्या पत्र्यावर चित्र उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. चांगला कारागीर त्यासाठी समोर आरसा ठेवतो. त्याला वेळ लागतो. आमच्याकडचे छापलेलं चित्र घ्यायचे, जसंच्या तसं पत्र्यावर गिरवायचे. मग कागदावर सगळं उलटं! खालची अक्षरं कोरणारा माणूस वेगळा, ती तेवढी नीट यायची, म्हणून कुणाच्या लक्षात येत नसे. घराचं धुराडं इकडचं तिकडे झालं तर लंडनच्या गिऱ्हाइकाला काय कळणार? पण उलटा विळा नसतो, तबिथाबाई. कॉबला विचारा. उलटा विळा कुठला लोहार करतच नाही. म्हणजे माणूस उलटा आहे, म्हणजे घर उलटं आहे, म्हणजे..."

तबिथा ऐकत नव्हती. ती आरशात बघत होती.

आरशात मनोरा घराच्या उजवीकडे गेला होता, रस्त्यावरून दिसतो तसा. आणि दारापुढचा माणूस डावा खांदा पुढे घालून, विळा उजवीकडून आणत, कमरेत वळला होता.

"अगं बाई," तबिथा हळूच म्हणाली. "हा तो. हा माझा एमॉस. अस्साच वळायचा." तिनं आरशाच्या काचेवर बोट ठेवलं. "मी विसरले नव्हते गं. बघ ना, मी नव्हते विसरले!"

आणि मग ती रडली, एप्रनमध्ये तोंड खुपसून, लहान मुलीसारखी. डॉर्कसनं आरसा तसाच धरून ठेवला. हात भरून आला तरी तिनं तो खाली ठेवला नाही.

शनिवारी समिती शाळेत बसली. आरसा, चित्र आणि जेबेझ कॉबचा खरा विळा अशी साक्ष झाली. थ्रपनं विळा स्वतः हातात घेऊन उलटा फिरवून पाहिला, एक बाक पाडला आणि विळा कॉबला परत दिला. मास्तरांनी विचारलं, "पण चित्र सापडलं कुठे?" डॉर्कस म्हणाली, "जुन्या कपड्यांत होतं. वय झालं की माणूस ठेवतं आणि विसरतं."

"मी काही विसरलेली नाही," तबिथा उभी राहून म्हणाली. "मी लपवलं होतं. काय म्हणायचंय ते म्हणा."

 थ्रपच खाकरला आणि पुटपुटला, "मीही लपवलं असतं." कवीचं घर तबिथाचंच ठरलं.

बस सुटायला दीड तास होता. डॉर्कसनं चित्राचे डाग काढले, काच बसवायला घेतली, तेवढ्यात तबिथानं विचारलं, "तुमच्या त्या मालकाकडे याचं जाकीट कुठल्या रंगाचं करायचात?"

"लाल. माझ्याकडेच असायचं ते. मालक म्हणायचा, लाल असलं की खपतं."

"निळं होतं," तबिथा म्हणाली, आणि पेटीतलं विटलेलं जाकीट आणून तिनं डॉर्कसच्या मांडीवर ठेवलं. शिवणीच्या आत, जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथे रंग अजून तसाच होता.

डॉर्कसनं शिवण उलटून खूप वेळ पाहिली. मग पेटी उघडली. निळ्याची वडी एका कडेला होती, कोरी करकरीत, कारण तिच्या हाताला कायम लालच यायचा. तिनं पाण्याचे दोन थेंब टाकले, रंग कालवला, जाकिटाशी धरून पाहिला, पुन्हा कालवला. बाकीचं चित्र तिनं काळंच ठेवलं. सगळ्यात बारीक कुंचल्यानं, श्वास रोखून, तिनं त्या नखाएवढ्या माणसाला निळं जाकीट घातलं.

"चारशे वेळा चुकवलं मी ते," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नव्हतं की हा कुणाचा तरी आहे."

बाहेर बसचं शिंग वाजलं तशी डॉर्कसनं छत्री उचलली. रंग अजून ओला होता, म्हणून तबिथानं चित्र दोन्ही तळव्यांवर आडवं धरलं होतं आणि त्यामुळे तिला हात हलवून निरोप देता आला नाही. "वाळेपर्यंत बस की," ती म्हणाली. "दुसरी बस सोमवारी आहे."

डॉर्कसनं छत्री पुन्हा भिंतीला टेकवून ठेवली.